खाणीकाठचे नाझर

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं कुळगोत्र विचारलं नाही, ह्यांचा पगार विचारला नाही. झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांनी एवढंच विचारलं, "येताना वाटेत काय दिसलं?"

ह्यांना रत्नागिरीच्या शाळेत मास्तरकी मिळाली होती आणि आम्ही आदल्या दिवशीच कोल्हापूरहून सर्व्हिस मोटारीनं उतरलो होतो. घाटातल्या वळणांनी माझा जीव नकोसा झाला होता. तरी विचारलंय तर काहीतरी सांगावं म्हणून मी म्हटलं, "पाली गावाच्या अलीकडे मोर दिसला."

"लांडोर नव्हे ना?"

"नाही. पिसारा होता."

"पिसारा होता हे तुम्ही पाहिलंत, की मोर म्हटला म्हणजे असायचाच म्हणून सांगताय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांब येऊन मोराच्या पिसाऱ्यापायी जागा जाते की काय, अशी भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती. मी जरा आठवून पाहिलं आणि खरं होतं ते सांगितलं, "निळी मान तेवढी पाहिली. बाकीचा मोर मी मनानंच जोडला."

ते झोपाळ्यावरून उठले, आत गेले आणि मागच्या बिऱ्हाडाची किल्ली घेऊन आले. "साक्षीदार असं उत्तर देत नाहीत हो," म्हणाले. "दिलं असतं तर निम्मी कोर्टं ओस पडली असती."

ते जिल्हा कोर्टात नाझर होते. समन्स बजावायची, जप्ती न्यायची, लिलाव पुकारायचा, हे त्यांचं काम. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती, पण सगळी आळी त्यांना नाझर आणि त्यांच्या बायकोला नाझरकाकू म्हणे. त्यांचं खरं नाव पोस्टमनला काय ते ठाऊक असावं.

किल्लीबरोबर अटीही मिळाल्या. लाकडांच्या खोपीत एक धामण राहते, तिला हाकलायचं नाही. ती तुमच्याआधीची आहे. पडवीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय, त्याला केरसुणी लावायची नाही. आणि न्हाणीघराच्या दारावर लाल फडकं लटकत असेल तर कितीही घाई असली तरी दार वाजवायचं नाही. धामणीची मला सवय झाली. माशीनं कधी त्रास दिला नाही. लाल फडक्यानं मात्र छळलं. आत नाझर फोटोच्या काचा धूत असायचे आणि बाहेर मी हातात कपडे घेऊन उभी. ह्यांनी कितीतरी सकाळी वर्गावर पारोशानंच गणितं शिकवली.

कॅमेरा त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतला होता. लाकडी पेटी, पितळेची कडी, पुढे भाता, खाली तीन पायांची घोडी. तो उचलून चालताना नाझर लांबून कोणाची तरी जप्ती करून आणत असल्यासारखे दिसायचे. अंगात कोर्टातला काळा अल्पाकाचा कोट, खाली पंचा, डोक्याला टोपी. पायातल्या वहाणा रानाच्या तोंडाशी काढून ठेवायचे. कोट कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "काळ्या कोटाला कोणी जवळ येत नाही, पण पळतही नाही. कोर्टातला अनुभव आहे."

आमच्या आळीच्या मागे खोतांची जुनी चिरेखाण होती. जांभ्याचे चिरे काढून काढून खोल चौकोनी खड्डा झालेला आणि काम बंद पडल्यावर करवंदीच्या जाळ्यांनी भरून गेलेला. तळाशी पाणी. उन्हाळ्यात आसपासचे पऱ्हे आटले तरी त्या खड्ड्यात पाणी असे, त्यामुळे सगळं रान तिथं पाण्याला येई. कोणाला संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायची सवय असते, तशी नाझरांना त्या खाणीची. खंड्या, भारद्वाज, मुंगूस, घोरपड, सगळ्यांचे फोटो त्यांनी तिथं काढले. बरेचसे हललेले. काचा मुंबईहून बोटीनं यायच्या आणि पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून चार महिने ते कॅमेऱ्याशिवाय नुसतेच छत्री घेऊन खाणीच्या काठावर बसायचे.

माणसांचे फोटो ते काढत नसत. शाळेच्या गॅदरिंगला मास्तर लोकांचा एक काढा म्हणून हे विचारायला गेले तर नाझर म्हणाले, "माणूस कॅमेऱ्यापुढे उभा राहिला की खोटी साक्ष द्यायला लागतो. तुमचे हेडमास्तर लगेच छाती पुढे काढतील. एरवी असते का ती पुढे?" ह्यांनी ते हेडमास्तरांना सांगितलं नाही म्हणून नोकरी राहिली.

पुराव्याचं वेड मात्र विलक्षण होतं. कोणी म्हणालं, माडावर कांडेचोर, म्हणजे ते लांब शेपटीचं रानमांजर, येतो, की नाझर लगेच, "पाहिलात?" पाहिला म्हटलं तर, "कुठून? उजेड होता? चष्मा होता?" आणि एवढं सगळं होऊनही शेवटी, "बरं. पण हे ऐकीव झालं." नाझरकाकू दाराआडून म्हणायच्या, "यांच्यापुढे साक्षात देव उभा राहिला तर त्यालाही म्हणतील, जरा उजेडात या."

त्या कांडेचोरापायी एकदा घरात पोलीस आले. नाझरांनी उंदराच्या चापाची स्प्रिंग, आगकाड्या आणि मुंबईहून मागवलेली भुकटी यांचं एक यंत्र केलं होतं. वाटेत आडवा दोरा बांधायचा. जनावराचा पाय दोऱ्याला लागला की भुकटी भपकन पेटायची आणि त्याच झटक्यात कॅमेऱ्याचा डोळा उघडून मिटायचा. ते सत्याग्रहाचे दिवस. ऐन दिवेलागणीला आमच्या परसात धडाड् झालं, पांढराफेक उजेड पडला आणि सगळ्या आळीनं दारं लावून घेतली. थोड्याच वेळात जमादार हजर. ओटीवर मांडी घालून त्यानं कागद काढला.

"स्फोट कोणी केला?"

"कांडेचोरानं," नाझर म्हणाले.

"पूर्ण नाव?"

"एवढंच आहे."

"राहणार?"

"आमच्याच माळ्यावर."

जमादारानं लिहीत आणलेलं खोडलं. दुसऱ्या दिवशी त्याला फोटो दाखवला. त्यात एक लांब शेपूट आणि त्याला जोडलेला थोडासा मागचा भाग होता. जमादार म्हणाला, "यात आरोपीचं तोंड दिसत नाही." हे नाझरांना फार लागलं. त्यानं अटक केली असती तरी चाललं असतं.

नाझरकाकूंना मूल नव्हतं. त्यांच्या जिभेला धार होती आणि ती नवऱ्यावरच चालायची. चैत्रात खोतांच्या कुंपणातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत ककणेराचं जोडपं होतं. हा वाकड्या चोचीचा मोठा पक्षी. मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून तिला फळं आणून भरवतो. नाझर त्या झाडाखाली महिनाभर बसून होते. जेवण काकू तिथं नेऊन द्यायच्या. एकदा मी बरोबर होते. काकूंनी डबा खाली ठेवला, वर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बघ गो. तिला कोंडलंय खरं, पण तो आणून तरी घालतो. इथं कोंडलेलीही मीच नि आणून घालत्येही मीच."

नाझरांनी कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं. "ती आपणहून कोंडून घेते," अगदी गंभीरपणे म्हणाले. "जबरदस्तीचा पुरावा नाही."

"माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या आणि डबा उघडून ठेवून घरी आल्या.

वाघाची गोष्ट त्यानंतरच्या उन्हाळ्यातली.

आधी आळीतली कुत्री कमी व्हायला लागली. मग खोतांचा कुत्रा गेला. खोत म्हणजे ती खाण आणि ती आंब्याची बाग ज्यांची, ते आमचे शेजारी. देह आडवा, आवाज मोठा, ओटीवर भिंतीला एक ठासणीची बंदूक. तिनं आजवर माकडं हाकलण्यापलीकडे काही केलं नव्हतं. खोतांच्या मनात एक फार जुनी इच्छा होती. मेलेल्या वाघावर पाय, हातात बंदूक, असा एक फोटो आपल्या ओटीवर लागावा. फोटोवाला शेजारीच होता. वाघ तेवढा आजवर मिळाला नव्हता.

ते सकाळीच आले. "नाझर, माझा कुत्रा वाघान् नेलान्. खाणीत आहे तो. मी मारतो, तुम्ही फोटो काढायचा."

"वाघ नसेल. असलाच तर बिबळ्या," नाझर म्हणाले. "तुम्ही पाहिलात?"

"कुत्रा गेला ना!"

"कुत्रा गेला याचा पुरावा आहे. कोणी नेला याचा नाही."

खोत पाय आपटत गेले. पण त्याच संध्याकाळी नाझर कॅमेरा घेऊन खाणीकडे निघाले, आणि त्यांच्या पिशवीत ते धडाड् करणारं यंत्र होतं. पुढे किती संध्याकाळी ते गेले नि हात हलवत परत आले, ते आठवत नाही. एके दिवशी दिवे लागायच्या सुमाराला खाणीकडे पांढरा उजेड चमकला. नाझर आले ते कोणाशी न बोलता आत गेले. सकाळी न्हाणीघरावर लाल फडकं होतं.

मी नेहमीसारखी कपडे घेऊन उभी होते. दार उघडलं. नाझर ओली काच दोन्ही हातांत धरून बाहेर आले. कोट नाही, टोपी नाही, डोळे तांबारलेले. समोर मीच होते म्हणून त्यांनी ती मला दाखवली. समोर धामण असती तरी तिलाही दाखवली असती असं तोंड झालं होतं. त्यांनी काच उजेडाकडे धरली. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, हे मला एव्हाना कळत होतं. पाण्याच्या कडेला एक मोठं जनावर मान वर करून थेट आमच्याकडे पाहत होतं. अंगभर ठिपके. शेपूट, मिशा, चारी पाय, सगळं जागच्या जागी. काहीही हललं नव्हतं. आणि तिच्या पोटाला लागून, मांजराएवढी, दोन पिल्लं.

"असा फोटो..." नाझर म्हणाले आणि थांबले. आयुष्यभर मागितलेला पुरावा त्यांच्या हातात होता, पाणी निथळत होतं, आणि तो दाखवला की संध्याकाळच्या आत खोतांची बंदूक खाणीवर जाणार होती. हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं असावं.

"मुली," ते हळूच म्हणाले, "तू आंघोळीला आलीस. दुसरं काही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं," मी म्हटलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "पण आळीतल्या पोराबाळांचं काय?"

ते काच जपून धरत आत गेले.

त्याच दिवशी चार वाजता खोतांनी आपल्या ओटीवर आळी जमवली. त्यांना हाका घालायचा होता: डबे, ढोल वाजवत माणसांनी रान झोडपत जायचं आणि वाघ बाहेर पडला की खोतांनी बार काढायचा. एकटे खोत खाणीत उतरणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माणसं म्हणत होती, नाझर म्हणाले वाघ आहे तर आम्ही येतो. नाझर पुराव्याशिवाय बोलत नाहीत, ही त्यांची कीर्ती अशी त्यांच्याच अंगावर आली.

"तुम्ही रोज खाणीत जाता," खोत म्हणाले. "सांगा सगळ्यांसमोर. वाघ आहे का नाही?"

नाझर उभे राहिले. कोटाची सगळी बटणं लावलेली. आम्ही बायका माजघराच्या दारात होतो. मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

"माझ्याजवळ पुरावा नाही," ते म्हणाले.

एवढंच. माणसं उठली, टोप्या घातल्या, घरी गेली. परतताना मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते चालता चालता पुटपुटले, "जवळ नव्हताच. घरी होता." आणि जरा पुढे गेल्यावर, "हे उत्तर कोर्टात चालतं."

चालत असेल. पण त्यांना ते पचलं नाही, हे पुढच्या आठवड्यात दिसलं. नाझर उन्हं कलली की आळीतून दारोदार फिरायला लागले. "मुलांना तिन्हीसांजेच्या आधी घरात घ्या. फुरशी फार निघाली आहेत." फुरसं म्हणजे आमच्या कातळावरचा लहानसा पण भयंकर विषारी साप. नाझर सांगतायत म्हटल्यावर कोणी पाहिलंत का, चष्मा होता का, असं विचारलं नाही. आळी दिवे लागायच्या आत चिडीचूप व्हायला लागली. चार दिवसांत फुरशी सगळ्यांना दिसायला लागली. कोणाला गडग्याच्या दगडांत, कोणाला चुलीमागे. एका बाईनं जोडीनं चाललेली पाहिली. ती सगळी मंडळी खुणा सांगायला नाझरांकडे यायची, आणि नाझर, ज्यांनी माझा पालीचा मोर अर्धा कापून घेतला होता, ते मान खाली घालून "असतील, असतील" म्हणायचे. त्यांना असं पाहवत नसे. खाणीकडे जाणं त्यांनी बंद केलं होतं. बाळंतिणीला त्रास नको म्हणून. लोकांनी त्याचा अर्थ लावला, नाझर जात नाहीत त्या अर्थी तिथं बघण्यासारखं काही नाही.

काकूंनी फुरशांची हकीगत ऐकली नि एका दुपारी तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, "फुरसं निघालं म्हणून हे मुलांना घरात घालतायत? हे? फुरसं निघालं तर हे मुलांना हाका मारून दाखवतील, गो." मी सुपाकडे पाहत राहिले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

त्या वर्षी काकूंची गाय व्याली होती. पुष्कळ वर्षांनी गोठ्यात पाडी आली होती, तांबूस, कपाळावर चांदणी. काकू तिच्याशी जेवढं बोलायच्या तेवढं नाझरांशी वर्षात बोलल्या नसतील. तिला दुपारनंतर परसातल्या फणसाला बांधायच्या आणि उन्हं उतरली की गोठ्यात घ्यायच्या. एका संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, काकूंना यायला थोडा उशीर झाला. मी परसदारी वाळलेले कपडे काढत होते. त्या आल्या, फणसाकडे गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

दावं तुटून पडलं होतं. पाचोळ्यातून काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा गडग्यापर्यंत गेला होता. गडग्यावरचे दोन दगड खाली आले होते. रक्त फारसं नव्हतं.

काकू रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पडवीत जाऊन त्यांनी खराटा आणला. दिवेलागणीला केर काढला तर लक्ष्मी जाते म्हणून ज्या मला एक काडी उचलू देत नसत, त्यांनी सगळं परस फणसापासून गडग्यापर्यंत झाडून काढलं. मला म्हणाल्या, "ते दगड वर ठेव गो." मी ठेवले. तेवढ्यात नाझर बाहेर आले. त्यांनी तुटलेलं दावं पाहिलं, खराटा पाहिला, आणि लाकडांच्या ओंडक्यावर बसले.

बातमी कशी जाते कोण जाणे. खोत बंदूक घेऊनच आले. मागे पाच-सात माणसं, ह्यांच्यासकट.

"काय नाझर, आता तरी पटला काय? तुमच्याच दारातली पाडी गेली. आता सांगा. आहे का नाही वाघ?"

नाझर उठले. मला वाटलं, संपलं. आता हे खरं सांगणार. बायकोकडे पाहून खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांचं तोंड उघडलं होतं, कान लाल झाले होते.

"वाघ कसला मेला," काकू म्हणाल्या. हातात खराटा तसाच. "पाणी पाजायला नेत होत्ये. दावं कुजकं होतं, तुटलं. खाडीच्या अंगाला पळालीन्. उद्या शोधीन."

"खाडीकडे?" खोत म्हणाले. "आणि तुम्ही केर काढताव?"

"माझं परस आहे. मी केव्हाही काढीन."

खोतांनी झाडलेल्या परसाकडे पाहिलं, बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासकट निम्मी आळी भाट्याच्या खाडीकाठी पाडी शोधत हिंडली. नाझरही हिंडले. त्यांना हिंडावं लागलं.

मी नंतर काकूंना विचारलं, का हो असं केलंत? तर त्या चिडल्याच. "मग काय करू? खोटं बोलायची सवय नाही त्यांना. उघडे पडले असते चारचौघांत. मला संसार करायचाय, मला सवय आहे."

पण नवऱ्याशी त्या बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वेळेवर, पाणी वेळेवर. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. नाझर समोर बसलेले असायचे आणि काकू म्हणायच्या, "त्यांना विचार गो, भात वाढू का." मी विचारायची, "भात वाढू का?" नाझर मला सांगायचे, "थोडा." असा संसार मी तिथं काही आठवडे केला.

पावसात खाण काठोकाठ भरली. रानात जिकडे तिकडे पाणी झालं, आणि कुत्री जायची थांबली. खाणीतली ती मादी पिल्लं घेऊन वर डोंगराकडे गेली असावी. हेही अर्थात ऐकीवच.

खोतांची इच्छा पुढे दिवाळीत पुरी झाली, तेही सांगते. त्यांनी मुंबईच्या भाच्याकडून एक वाघाचं कातडं आणवलं, पट्ट्यापट्ट्यांचं, आणि त्यात पेंढा भरवला. मग नाझरांना बोलावणं. मला वाटलं, नाझर त्यांना उभं करणार नाहीत. पण ते निमूटपणे गेले, घोडी मांडली, फडक्यात डोकं घातलं आणि "हलू नका" म्हणाले. वाघ अजिबात हलला नाही. तो फोटो खोतांच्या ओटीवर लागला आणि आल्यागेल्याला ते सांगायला लागले, आमच्या खाणीतला. नाझरांनी आयुष्यभर काढलेल्या फोटोंमध्ये गावाला ठाऊक असलेला फोटो हाच. कोणी त्यांना विचारलंच तर ते म्हणायचे, "फोटो माझाच आहे." यातही खोटं काही नव्हतं.

मला मात्र त्यांची आठवण येते ती त्या आधीची, श्रावणातली. पाऊस उघडून दोन-तीन दिवस चांगलं ऊन पडलं होतं. मी काकूंकडे वाती वळत बसले होते. नाझर ओटीवर. काकू मध्येच म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, त्या दिवशी काय धुतलंत ते बघू तरी. कोणाला घातलीत माझी पाडी."

मी सांगायची गरज नव्हती. नाझर उठून आत गेले. काचेखाली कागद दाबून त्यांनी चौकट उन्हात ठेवली आणि तिच्यावर ढगाची सावली येऊ नये म्हणून आभाळाकडे बघत उभे राहिले. मग न्हाणीघरात जाऊन कागद धुतला, आणि ओलाच फोटो पाटावर ठेवून पाट काकूंच्या पुढे सरकवला. स्वतः दाराशी उभे राहिले, समन्स देऊन सहीची वाट बघत उभं राहावं तसे.

काकूंनी पदरानं हात पुसले. चष्मा लावला. फोटो उचलला नाही, नुसत्या वाकून बघत राहिल्या. आता पांढऱ्याचं पांढरं आणि काळ्याचं काळं झालं होतं, आणि मला त्या दिवशी काचेवर न दिसलेलं दिसलं. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. पोट खपाटीला गेलेलं. खाली आचळं लोंबत होती.

"बाळंतीण," काकू म्हणाल्या.

नाझर काहीतरी सांगायला पुढे झाले, ती का थांबली, पाण्याला कधी यायची, असलं काहीतरी. काकूंनी हात वर केला. मग त्यांनी बोट पिल्लांवर ठेवलं, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

चष्मा काढून त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, दाराकडे.

"अहो, दोन होती की. एका पाडीत काय भागणार होतं हो तिचं?"

नाझरांनी एक हात चौकटीला टेकला.

"नाही भागायचं," ते म्हणाले.